पिल्लाची अंघोळ

सकाळी सात वाजता उज्वलानं स्टूल ओढलं आणि हॉलमधली चित्रं उतरवायला सुरुवात केली. कुणाला विचारलं नाही, कुणाला हाक मारली नाही. आधी मांजरीच्या पिल्लाला चमच्यानं दूध पाजणारी मुलगी खाली आली, मग वासराच्या पोटावर डोकं टेकून झोपलेला मुलगा, मग पोपटाशी बोलणारं कानटोपीतलं बाळ. प्रत्येक चित्र ती पालथं करून भिंतीला टेकवत होती. तिचे सासरे, रंगनाथ आबा, सोफ्यावर चहाचा कप धरून बघत होते. चहा कधीच निवला होता.

"आबा, ही आता भिंतीवर नकोत," ती स्टुलावरूनच म्हणाली. "आज नकोत आणि उद्याही नकोत. ठेवायची तर तुमच्या खोलीत ठेवा."

"बरं."

"एवढी सगळी लेकरं हसत असतात दिवसभर. माझ्याच्यानं बघवत नाही."

"उतरव बाई. सगळी उतरव."

आज हर्षालीला जाऊन वर्ष झालं होतं. उज्वला आणि योगेशची एकुलती एक मुलगी, सात वर्षांची.

पंचेचाळीस वर्षं आबांनी दुसरं काही काढलं नव्हतं. देव नाहीत, डोंगर नाहीत, नट्या नाहीत. लेकरू आणि जनावर, आणि मागं घरातलं काहीतरी, चूल, पाळणा, नाहीतर तुळशीचा ओटा. चांदवड-देवळ्याच्या कांदा व्यापाऱ्यांची आणि बियाणांच्या दुकानदारांची कॅलेंडरं त्यांच्या चित्रांवर निघत. वर्ष संपलं की लोक तारखा कापून टाकत आणि चित्र तेवढं चौकटीत घालत. सुनेला दिवस गेले की सासवा ते तिच्या खाटेसमोर टांगत, रोज उठल्यावर तिची नजर हसऱ्या बाळावर पडावी म्हणून. उज्वलाच्या वेळी आबांनी कॅलेंडरवरचं चालवून घेतलं नव्हतं. नवं काढून दिलं होतं, खास तिच्यासाठी, सशाचे कान धरलेली गुटगुटीत मुलगी. तेही आता पालथं पडलं होतं.

लोक म्हणायचे, या माणसाच्या घरात किती आनंद असेल! खरं काय ते घरच्यांना ठाऊक होतं. वासराच्या पोटावर झोपलेला मुलगा म्हणजे लहानपणचा योगेश. वासराचे चारही पाय बांधले होते आणि योगेशला दोन रट्टे बसले होते, म्हणून तो रडून रडून झोपला होता. धाकट्या संतोषला सशानं ओरबाडलं, तर आबांनी चित्रात त्या मनगटावर चांदीचं कडं काढलं. त्यांच्या चित्रांत कुणी कधी रडलं नाही आणि कुणाला कधी काही चावलं नाही. आबा काही दुष्ट नव्हते. चित्र चांगलं व्हावं एवढंच त्यांना हवं असायचं, आणि चित्र चांगलं झालं की बाकीचं आपण विसरतो, तसं ते विसरून जायचे.

पुढं डोळे अधू झाले, मुलांना तासन्‌तास समोर बसवायची ताकद राहिली नाही, आणि तेवढ्यात मोबाइल आला. घरातली मुलं कुठंही असली तरी आबांचा निरोप जायचा. असं बसवा, उजेड डावीकडून येऊ द्या, फोटो पाठवा. आबांचं काम म्हटलं की कुणी नाही म्हणत नसे.

गेल्या मे महिन्यात त्यांनी असाच निरोप पाठवला होता.

इंदिरानगरातल्या एका मुलांच्या डॉक्टरांना दवाखान्यात बाहेर लावायला चार चित्रं हवी होती. तीन झाली होती, चौथं होतं पिल्लाची अंघोळ. हर्षाली तेव्हा चांदवडकडच्या मळ्यात होती, काकूबरोबर. काकू म्हणजे संतोषची बायको शुभांगी, आणि तिचा तीन वर्षांचा साई. उज्वला शाळेत शिक्षिका, तिचे पेपर तपासायचे राहिले होते, म्हणून तिनं लेकीला जावेबरोबर पाठवलं होतं. फोटो आला. हर्षाली, बादली आणि मळ्यातलं कुत्र्याचं तांबडं पिल्लू. आबांनी चष्मा वर करून बघितलं आणि त्यांना काही तो पसंत पडला नाही. त्यांनी फोन तोंडाशी धरून निरोप सांगितला: "हर्षू, पिल्लू कोरडं दिसतंय गं. निथळून निघालं पाहिजे, केस अंगाला चिकटले पाहिजेत. ऊन आहे तोवर काढा पुन्हा."

वीज नव्हती, मोटार बंद होती, टाकी रिकामी होती. साईनं चड्डी भरवली म्हणून शुभांगी हंड्यातलं पाणी घेऊन त्याला धुवायला मोरीत गेली होती. घरापासून शेततळं ऐंशी पावलांवर. त्याला वरपासून तळापर्यंत काळा प्लास्टिकचा कागद, ओला झाला की त्यावर मोठ्या माणसाचाही पाय ठरत नाही. लोक धावले तेव्हा पिल्लू काठावर भुंकत उभं होतं. ते कोरडंच होतं.

घरात सगळ्यांना एवढंच ठाऊक होतं की पोर खेळत खेळत तळ्याकडं गेली आणि काकूचं लक्ष नव्हतं. निरोपाचं आबांनी कुणाला सांगितलं नाही. नवल म्हणजे शुभांगीनंही सांगितलं नाही. दहाव्यानंतर तिला नको नको ते बोलून देवळ्याला माहेरी धाडलं, आणि जिला लेकरं सांभाळता येत नाहीत तिच्याकडं साई नको, म्हणून त्याला इथंच ठेवून घेतलं. वर्षभरात तिला पोटचं पोर दोनदा दिसलं होतं, तेही दारात.

आज दुपारी तिचे वडील तिला घेऊन येणार होते. वर्ष झालं, आता बैठक करून काय ते ठरवा, असा त्यांचा निरोप होता. शुभांगीला नांदवायचं की नाही, आणि साई कुणाकडं राहणार, हे आज ठरणार होतं. आबांनी तोंड उघडलं तर ते एका तऱ्हेनं ठरणार होतं, नाही उघडलं तर दुसऱ्या. रात्रभर ते कूस बदलत होते, आणि सकाळपर्यंत त्यांनी काहीही ठरवलेलं नव्हतं.

दहा वाजता गावाहून त्यांची थोरली बहीण आली. नवसाआक्का ऐंशीच्या पुढच्या, पण रिक्षातून उतरताना कुणाचा हात घेतला नाही. आल्या त्या थेट फोटोसमोर बसल्या. फोटो म्हणजे शाळेच्या ओळखपत्रावरचा मोठा करून आणलेला, त्यामुळं हर्षालीचा चेहरा थोडा फिसकटल्यासारखा झाला होता.

"आरं रंगा, तुझ्या हातात येवढी कला, आन् नातीचा फोटू शाळंच्या कार्डावरचा?"

"हात चालत नाही आक्का."

"चालंल कसा. काळजाला घरं पडलीत." आक्कांनी डोळ्याला पदर लावला. "त्या बयेला काय, आली आन् गेली."

आबांनी वर्षभर ब्रश धरला नव्हता. त्यांच्या खोलीत चौथं चित्र भिंतीकडं तोंड करून उभं होतं, त्यात फक्त बादली रंगवून झाली होती. घरच्यांना वाटायचं, दुःखानं हात थांबले. ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं.

लहान लेकराचं श्राद्ध करत नाहीत, असं गुरुजींनी सांगितलं होतं. म्हणून उज्वलानं नुसता नैवेद्य केला, शेवयांची खीर आणि बटाट्याच्या काचऱ्यांची भाजी. ताटात तिनं चमचा ठेवला. हर्षाली भाजीसुद्धा चमच्यानं खायची. चमचा ठेवून उज्वला तिथंच बसून राहिली. गेल्या वर्षी मळ्यातून आणलं तेव्हाही ती अशीच नुसती बसून होती, कुणी तिला मोठ्यानं रडताना पाहिलं नव्हतं. साई येऊन तिच्या मांडीवर टेकला, तसा तिचा हात आपोआप त्याच्या डोक्यावर गेला. वर्षभर त्याला न्हाऊमाखू तीच घालत होती. शुभांगीचा राग करत होती आणि शुभांगीच्याच पोरावर जगत होती. आबांना हे दिसत होतं. दिसत नव्हतं असं या घरात त्यांना काहीच नव्हतं.

बारा वाजता संतोष गोळ्या घेऊन त्यांच्या खोलीत आला. पाण्याचा पेला पुढं केला आणि दार लोटून घेतलं.

"आबा, दुपारी तुम्ही खोलीतच पडा. मी सांगतो, बरं नाही म्हणून."

"असं कसं? घरात मोठा मी आहे."

"म्हणूनच सांगतोय." संतोष खाटेवर बसला. त्याचं लक्ष फरशीकडं होतं. "मला माहितंय, आबा."

"काय माहितंय?"

"पिल्लू निथळून निघालं पाहिजे."

पेल्यातलं पाणी आबांच्या धोतरावर सांडलं.

"कधीपासून?"

"तिसऱ्या दिवसापासून. शुभांगीनं ऐकवलं मला. चौथ्या दिवशी तुम्हाला अ‍ॅटॅक आला. मी म्हटलं, आता हे बाहेर आलं तर एका आठवड्यात दोन तिरड्या उठतील घरातून. साईची शपथ घातली मी तिला."

"आणि नंतर? मी घरी आलो, हिंडूफिरू लागलो. नंतर का नाही बोललास?"

"रोज वाटायचं, उद्या सांगू. तोवर दादा-वहिनी तिला इतकं बोलून बसले होते, आबा. मग सांगणार कसं? दादानं तुम्हाला या घरात ठेवलं असतं? वहिनीनं तुमचं तोंड बघितलं असतं?"

"अरे, पण ती पोरगी? वर्षभर तिला लेकरू नाही..."

"ती माझी बायको आहे. ती सोसेल."

हे संतोष इतक्या सहज बोलला की आबा त्याच्याकडं बघतच राहिले. सोसेल पोरगं, दहा मिनिटांचं काम आहे, असं तेच म्हणायचे, त्यांची बायको चतुराबाई मुलाच्या मनगटाचं रक्त पुसत असताना. चतुराबाईंना जाऊन सहा वर्षं झाली होती, पण ते शब्द मुलानं बरोबर उचलले होते.

"तुम्ही गप्प राहा," संतोष उठत म्हणाला. "ती कबूल होईल, साई तिला मिळेल, घर एक राहील. दोन वर्षांत सगळं निवळेल."

तो गेला. खरं सांगायचं तर आबांना आधी हायसं वाटलं. हायसं वाटल्याची लाज त्याच्या मागून आली, आणि तीही काही फार मोठी नव्हती.

तीन वाजता सावळीराम आले. देवळ्याचा बागायतदार माणूस, पांढरी टोपी, पायात धूळ बसलेले बूट. बरोबर चार माणसं आणण्याची रीत, पण ते लेकीला घेऊन एकटेच आले होते. शुभांगी त्यांच्या मागं दारात थांबली. ती सुकून अर्ध्यावर आली होती. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

साई उज्वलाच्या पदराआड गेला. शुभांगीनं त्याला हाक मारली नाही, हात पुढं केला नाही. नुसतं बघितलं आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसली.

चहा आला. कुणी घेतला, कुणी नाही.

"मी भांडायला नाय आलो, रंगनाथराव," सावळीराम म्हणाले. "तुमचं दुःख लय मोठं हाय, मला कळतंय. पन वरीस झालं. एक काय ते सांगा. पोर नांदवायची का नाय? नसंल नांदवायची तर नातू द्या."

"नातू द्या म्हनं!" नवसाआक्का उसळल्या. "एक घालवलं, आता दुसरं द्या? आवो, तिनं चूक तरी कबूल केली का? वरीसभर तोंडातून शबूद नाय. माफी नाय, काय नाय. दगडाला बी पाझर फुटंल!"

"आक्का, हळू," आबा म्हणाले.

"काय हळू? तूच डोक्यावर घेतलंस सगळ्यांना."

योगेशनं घसा साफ केला. तो बोलायला उभा राहिला आणि परत बसला. "मामा, आम्हाला काही नको. तिनं फक्त मान्य करावं. माझं लक्ष नव्हतं, असं म्हणावं. एवढंच."

त्या तळ्याला कुंपण घालायचं योगेशच्या अंगावर होतं. जाळी आणून गोठ्यात ठेवली होती, पुढच्या महिन्यात घालू, पुढच्या महिन्यात घालू, असं दोन वर्षं चाललं होतं. उज्वलानं पेपर तपासायचे म्हणून पोरीला पाठवलं होतं. संतोष त्या दिवशी गाडी घेऊन चांदवडला मित्राकडं जाऊन बसला होता. शुभांगी दोषी असली की सगळ्यांचं निभत होतं. आणि सगळ्यांत जास्त कुणाचं निभत होतं, ते सोफ्यावर मधोमध बसलं होतं.

"मी सांगते काय हवं ते," उज्वला म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तिनं हर्षूच्या फोटोवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, माझ्या निष्काळजीपणामुळं हर्षाली गेली. एकदाच म्हणायचं, सगळ्यांसमोर. मग राहा या घरात. मी पुन्हा कधी विषय काढणार नाही."

सावळीरामांचा चेहरा लाल झाला. हात सदऱ्याच्या खिशाकडं गेला. "ताई, पोरीनं माझ्याकडून वचन घेतलंय म्हनून गप हाय. न्हायतर या फोनमधी..."

"अण्णा!" शुभांगी पहिल्यांदाच बोलली. "ठेवा तो फोन."

"काय आहे फोनमध्ये?" योगेशनं विचारलं.

"काही नाही."

"मामा, उगाच विषय वाढवू नका," संतोष घाईनं म्हणाला. त्याच्या कपाळाला घाम आला होता.

शुभांगीनं उज्वलाकडं बघितलं. "ताई, मी असं म्हटलं तर साईला नेऊ द्याल? माझ्याजवळ राहील तो?"

उज्वलाचा हात साईच्या खांद्यावर घट्ट झाला.

"राहील."

"आजपासून?"

"आजपासून."

शुभांगी उठली. पदर खांद्यावर ओढून ती फोटोसमोर गेली आणि गुडघ्यांवर बसली. खिडकी डाव्या बाजूला होती. तिरपं ऊन आत येत होतं, तिच्या गालावर, फोटोच्या काचेवर, ताटातल्या खिरीवर. तिनं हात चौकटीवर ठेवला.

आबांना तिचं बोलणं ऐकायचं होतं. एक वाक्य, आणि पुन्हा कुणी कधी काही विचारणार नव्हतं. ते या घरात आबा म्हणून जगले असते, आबा म्हणून गेले असते, लोकांनी खांदा दिला असता. ते ऐकायला पुढं वाकले. आणि वाकता वाकता त्यांच्या डोळ्यांनी नेहमीचं काम सुरू केलं. उजेड छान पडलाय. हाताची बोटं चांगली आलीत. मान मात्र फार खाली आहे, चेहरा अंधारात जातोय. हनुवटी जरा वर घे, हे त्यांच्या ओठांपर्यंत आलंसुद्धा.

आपण काय करतोय हे कळलं तेव्हा त्यांना स्वतःची अशी किळस आली की बसवेना.

"माझ्या..." शुभांगीनं सुरुवात केली.

"थांब. शुभांगी, हात काढ तिथून."

"आबा!" संतोष उठला. "आबांना बरं नाही, मी आत नेतो."

"मला काही झालेलं नाही. बस खाली." आबा उभे राहिले. त्यांनी सोफ्याची पाठ धरली. "हर्षू खेळायला गेली नव्हती तळ्यावर. तिला मी पाठवलं."

"आरं, येड लागलं का तुला?" आक्का म्हणाल्या. "तू तर हितं हुतास."

"इथूनच पाठवलं. फोनवरून. मला चित्रासाठी ओलं पिल्लू हवं होतं. हिनं फोटो पाठवला, तो मला आवडला नाही. मी हर्षूला सांगितलं, कोरडं नको, निथळून निघालं पाहिजे. घरात पाणी नव्हतं. म्हणून ती तळ्यावर गेली. माझं ऐकून गेली ती."

योगेश हळूहळू उभा राहिला.

"वर्षभर," तो म्हणाला. "वर्षभर तुम्ही इथं बसून चहा प्यायलात, आबा? ही बाई तिकडं, आणि तुम्ही इथं?"

"हो."

"आम्ही हिला काय काय बोललो ते ऐकत?"

"हो रे. ऐकत."

योगेशची नजर वळली. "संत्या, तुला माहीत होतं?"

संतोषची मान खाली गेली तीच पुरे होती. योगेशनं हात उगारला, पण तो कुणावर टाकायचा हे त्याला कळेना. तो भिंतीशी जाऊन उभा राहिला, त्या पालथ्या चित्रांजवळ, आणि म्हणाला, "जाळी गोठ्यात पडली होती. दोन वर्षं पडली होती माझी जाळी." कुणाला उद्देशून म्हणाला, कोण जाणे.

"मन्ही पोर गुन्हेगार नही शे," सावळीराम म्हणाले. इतका वेळ ते जपून बोलत होते, आता घरचीच अहिराणी आली. "नही शे मन्ही पोर!" आणि तो एवढा मोठा माणूस टोपी तोंडावर धरून हुंदके देऊ लागला.

उज्वला मात्र जागची हलली नव्हती. ती आबांकडं बघत होती. आबांना वाटलं, आता ही धावून येईल, तोंडावर थुंकेल. यावी, असंही वाटलं.

"फोटो आला होता?" तिनं विचारलं. "त्या दिवशीचा? हर्षूचा?"

"हो."

"किती वाजता?"

"अकरा वीस."

"माझ्याकडं शेवटचा सव्वादहाचा आहे. केस विंचरतानाचा, पाठमोरा." ती पुढं आली. "द्या बघू."

आबांनी बंडीच्या खिशातून फोन काढला. फोटो उघडून तिच्या हातात देताना ते म्हणाले, "खाली तिचं उत्तरही आहे. बोललेलं. मी सांगितल्यावर तिनं काकूच्या फोनवरून पाठवलं होतं."

"बोललेलं?"

"हो."

"तिचा आवाज आहे यात?"

"आहे."

"तुम्ही ऐकता?"

आबांना खोटं बोलता आलं असतं. "रोज ऐकतो."

उज्वलानं फोन छातीशी धरला. "रोज," ती म्हणाली. "आणि मी रोज बसून आठवत असते, कसा होता तिचा आवाज. दोन महिने झाले, मला आठवत नाही नीट. शाळेतल्या सगळ्या पोरींचे आवाज मिसळतात त्यात. मला वाटलं, मी कसली आई. आणि इथं, शेजारच्या खोलीत..."

मग ती शुभांगीकडं वळली. शुभांगी अजून फोटोसमोरच बसलेली होती.

"तुझ्याकडंही होता."

"हो, ताई."

"मला का नाही दिलास?"

"तिचं उत्तर दिलं असतं, तर आधीचं आबांचं बोलणंही द्यावं लागलं असतं. साईची शपथ होती मला." शुभांगीनं डोळे पुसले नाहीत. "रोज वाटायचं, तुम्हाला पाठवावं. एकदा पाठवायला घेतलं आणि पुसलं. तेवढा गुन्हा माझा आहे. तो फोटोवर हात ठेवून म्हण म्हणालात, तर म्हणते."



शुभांगी उठली आणि संतोषसमोर उभी राहिली. "साईचे कपडे भरा. मी नांदायला आले नव्हते. तुम्ही एकदा तरी मधे बोलाल का, ते बघायला आले होते. बोलले ते आबा."

"शुभे, ऐक ना..."

"त्याचा निळा स्वेटर विसरू नका."

संतोष आत गेला. कपाट उघडल्याचा आवाज आला.

"शुभांगी," उज्वला म्हणाली, "आत चल. एकटीनं ऐकायचा धीर नाही मला."

शुभांगीनं खाली वाकून साईला उचललं. त्यानं अंग चोरलं, पण तो रडला नाही. दोघी जावा हर्षालीच्या खोलीत गेल्या आणि आतून कडी लागली.

आबा भिंतीला धरून धरून त्या दारापर्यंत आले. का आले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. माफी मागायची होती बहुधा. त्यांनी थाप मारायला हात उचलला, आणि तेवढ्यात आतून आवाज आला. स्वच्छ, खणखणीत, धाप लागलेला.

"आबा, थांबा हं! मी त्याला मस्त भिजवून आणते. कुठं जाऊ नका हं, आबा!"

आबांचा हात खाली आला. आत काहीच ऐकू येईना. मग तेच पुन्हा. आबा, थांबा हं. मग उज्वलाचं रडणं फुटलं, वर्षभरात पहिल्यांदा मोठ्यानं, आणि त्यात शुभांगीचं मिसळलं. मागं योगेश खाली बसला होता, आक्का त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, सावळीराम बूट चढवत होते. कुणी आबांना खुर्ची दिली नाही, कुणी बस म्हटलं नाही.

आतून तिसऱ्यांदा तोच आवाज आला, मग चौथ्यांदा. आबा दाराबाहेर उभे होते. आत त्यांना कुणी बोलावलं नाही.